हयात माणसाचे चरित्र लिहिताना : विकिपीडिया, पुरावा आणि समतोल



या अंकातील अभ्यासलेखाची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करीत आहोत. चूक जुनी आहे, पण तिच्यातून मिळालेला धडा जुना झालेला नाही.

आपल्या पत्रिकेत 'आपली माणसे' या सदरात आम्ही पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली भागातील मराठी माणसांची ओळख करून देत असू. एका अंकात एका निवृत्त शिक्षकांची ओळख छापली. खानदेशातून कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. मजकूर नववीच्या विद्यार्थ्यांनी जमवला होता आणि आम्ही शिक्षकांनी तो तपासला होता. म्हणजे तपासला असे आम्ही समजत होतो. इंटरनेटवर त्यांच्याविषयी एक पान सापडले होते. कोणालाही भर घालता येईल असे ते पान होते. विद्यार्थ्यांनी त्यावरून उतरवून घेतले आणि आम्ही शुद्धलेखन पाहून ते छापायला दिले.

अंक निघाला. चौथ्या दिवशी सर स्वतः शाळेत आले. बसने आले होते, हातात पत्रिकेची घडी होती. आम्ही त्यांच्या नावामागे 'कै.' छापले होते! आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सर मात्र खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "अहो, मला मारलंत त्याचं काही नाही. चार जण भेटायला आले, चहा झाला, हसणं झालं. पण खाली लिहिलंय की मतभेद झाल्यामुळे मी नोकरी सोडली. हे कोणी सांगितलं तुम्हाला? घरात ही अंथरुणाला खिळली होती, म्हणून सोडली मी नोकरी. आता लोक विचारतात, सर, मतभेद कोणाशी झाले? पैशाचं काही होतं का? मी काय सांगू त्यांना?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या अंकात आम्ही दिलगिरी छापली, इंटरनेटवरचे पानही दुरुस्त करून घेतले. पण चूक जितक्या घरांत पोचली तितक्या घरांत दुरुस्ती पोचली नाही. ती कधीच पोचत नाही.

'कै.' ही चूक उघड होती. माणूस समोर चालत आला की ती संपली. दुसरी चूक एका ओळीची होती, सभ्य भाषेत होती, आणि तीच जास्त टोचणारी होती. हयात माणसाचे चरित्र लिहिताना पुरावा आणि समतोल का लागतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. तेच आज आपण नीट समजून घेऊ.

कोशांची आपली परंपरा

मराठी माणसाला कोश नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' २३ खंडांत सिद्ध केला. महामहोपाध्याय सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रांचेच तीन कोश केले : प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६). वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली 'मराठी विश्वकोश' सुरू झाला व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. आपल्या गुजरातमध्ये धीरूभाई ठाकर यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबादेत 'गुजराती विश्वकोश' २५ खंडांत तयार झाला.

या सर्व कोशांत एक गोष्ट समान होती. लिहिणारा जाणकार नेमलेला असे, तपासणारा संपादक वेगळा असे, आणि खंड छापून येईपर्यंत वर्षे जात. काम धिमे होते, पण जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. हा मुक्त ज्ञानकोश आहे. वाचणारा कोणीही 'संपादन' या कळीवर टिचकी मारून लिहू शकतो. यात मोठे सामर्थ्य आहे. पर्वत पाटियातील विद्यार्थीही तापी नदीवर चार नव्या ओळी लिहू शकतो आणि त्या जगभरचे मराठी लोक वाचू शकतात. पण ज्या दारातून जाणकार आत येतो त्याच दारातून खोडसाळही येतो. तापीची लांबी कोणी चुकीची लिहिली तर नदीचे काही बिघडत नाही. हयात माणसाबद्दल चुकीचे लिहिले तर त्याला उद्या सकाळी तेच तोंड घेऊन गल्लीत बाहेर पडावे लागते.

तीन खरे प्रसंग

पहिला प्रसंग अमेरिकेतला. जॉन सायगनथेलर हे तेथील ज्येष्ठ पत्रकार. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक होते. मे २००५ मध्ये एका अनोळखी माणसाने इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्या लेखात लिहिले की, जॉन आणि रॉबर्ट या दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. हे धादांत खोटे होते. तरीही ते सुमारे चार महिने तसेच राहिले आणि इतर संकेतस्थळांनीही ते उचलले. २९ नोव्हेंबर २००५ रोजी सायगनथेलर यांनी 'यूएसए टुडे' या वर्तमानपत्रात लेख लिहून आपली व्यथा मांडली. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. लिहिणाऱ्याने नंतर सांगितले की आपण सहकाऱ्याची गंमत केली. एकाची गंमत झाली आणि दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या नावाला डाग लागला. पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २००५ मध्ये, इंग्रजी विकिपीडियावर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे धोरण आकाराला येऊ लागले.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २००७चा. तुर्की इतिहासकार तानेर अकचाम व्याख्यानासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे उतरले असता विमानतळावर त्यांना काही तास अडवून ठेवण्यात आले. विरोधकांनी त्यांच्या विकिपीडिया लेखात ते दहशतवादी असल्याचा मजकूर घुसवला होता आणि त्याच लेखाची छापील प्रत अधिकाऱ्याकडे होती.

तिसरा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला. सामन्यानंतर कोणीतरी विकिपीडियावरील त्याच्या लेखात बदल करून त्याचा संबंध खलिस्तानशी जोडला. इतर संपादकांनी तो मजकूर काही मिनिटांत काढला, पण तोवर पडद्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली होती. केंद्र सरकारनेही विकिपीडियाकडून याबाबत खुलासा मागितला.

या तिन्ही प्रसंगांकडे नीट पाहा. एकात चूक चार महिने राहिली, एकात काही मिनिटे. पण मिनिटांत दुरुस्त झालेली चूकही छायाचित्र होऊन उरली. "नंतर दुरुस्त करू" हे उत्तर पुरेसे का नाही, हे यावरून ध्यानात येईल.

नियम काय सांगतात?

विकिपीडियाच्या लेखनाचे तीन मूळ नियम आहेत.

१. तटस्थ दृष्टिकोन. लेखकाने स्वतःची बाजू घ्यायची नाही. प्रसिद्ध झालेली महत्त्वाची मते त्यांच्या योग्यतेप्रमाणे मांडायची.

२. पडताळणी. लिहिलेली गोष्ट वाचकाला छापील किंवा प्रसिद्ध स्रोतात जाऊन पाहता आली पाहिजे. "मला माहीत आहे" हा पुरावा नव्हे. मराठी विकिपीडियावर एखाद्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असे दिसते, त्याचा अर्थ हाच.

३. स्वतःचे नवे संशोधन नको. दोन बातम्या जोडून आपल्या मनाने तिसरा निष्कर्ष काढायचा नाही.

हयात व्यक्तींसाठी हे तिन्ही नियम अधिक कडक लावले जातात. एरवी संदर्भ नसलेले वाक्य 'संदर्भ हवा' अशी खूण करून काही दिवस ठेवता येते. हयात व्यक्तीविषयीचे वादग्रस्त वाक्य संदर्भाशिवाय असेल तर वाट न पाहता काढून टाकायचे असते. ते निंदेचे असो की स्तुतीचे. घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, लहान मुलांची नावे अशी खासगी माहिती लिहायची नसते. एकाच घटनेमुळे क्षणभर बातमीत आलेल्या साध्या माणसाचे स्वतंत्र चरित्र शक्यतो करायचे नसते. २००९ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानच्या विश्वस्त मंडळाने या विषयावर खास ठराव केला. २०१० पासून इंग्रजी विकिपीडियावर असा नियम आहे की, हयात व्यक्तीच्या नव्या लेखाला एकही संदर्भ नसेल तर सूचना लावून सात दिवसांनी तो वगळता येतो.

प्रत्येक लेखाला 'इतिहास' आणि 'चर्चा' अशी दोन पाने जोडलेली असतात, हेही लक्षात ठेवा. कोणता बदल केव्हा झाला हे इतिहासात दिसते, आणि वाद असेल तर तो चर्चापानावर मांडता येतो. लेख वाचण्याआधी ही दोन पाने उघडून पाहण्याची सवय लावून घ्या.

चलन कुठे आहे?

आपल्यापैकी कितीतरी पालक कापड मार्केटमध्ये किंवा लूमच्या खात्यात काम करतात. माल आला असे नुसते म्हणून तेथे भागत नाही. चलन लागते, बिल लागते, ताका उलगडून मीटर मोजावा लागतो. माहितीचेही असेच आहे. वाक्य हा माल आणि संदर्भ हे त्याचे चलन.

पण चलनसुद्धा कोणाच्या सहीचे आहे ते पाहावे लागते. सोयीसाठी आम्ही चार पायऱ्या केल्या आहेत.

सर्वांत भक्कम पायरी म्हणजे ज्या लिखाणामागे संपादक आहे आणि ज्याचा त्या व्यक्तीशी हितसंबंध नाही असे पुस्तक, कोश किंवा प्रतिष्ठित वर्तमानपत्र. आपल्या सुरतेत 'गुजरातमित्र' हे वर्तमानपत्र १८६३ पासून निघत आहे. शहरातील जुन्या घटना शोधताना अशा पत्रांचे अंक उपयोगी पडतात.

दुसरी पायरी सरकारी नोंदी, गॅझेट, न्यायालयाचे निकाल. यातून तारीख आणि घटना कळते, अर्थ कळेलच असे नाही.

तिसरी पायरी व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे. आपल्या सुरतचे कवी नर्मद यांनी १८६६ मध्ये 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र लिहिले. जवळच्या लोकांपुरत्या थोड्याच प्रती त्यांनी काढल्या आणि ते सर्वांसाठी प्रकाशित झाले १९३३ मध्ये. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. त्यांचेही आत्मचरित्र आहे. बालपण, शिक्षण, त्या वेळी मनात काय होते, यासाठी अशा आत्मकथनाइतका चांगला स्रोत नाही. पण "मी सर्वांत श्रेष्ठ होतो" किंवा "अमुक माणूस वाईट होता" यासाठी एवढा एकच स्रोत चालणार नाही.

चौथी पायरी म्हणजे फलक, अभिनंदनाची जाहिरात, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आणि "सगळे म्हणतात". ही पायरी पाय ठेवण्यासारखी नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे देणारी यंत्रे आता मुलांच्या हाती आली आहेत. त्यांचे उत्तर हा स्रोत नव्हे. त्या उत्तरामागे कोणता स्रोत आहे तो शोधून स्वतः वाचला पाहिजे.

आणखी एक फसवी जागा आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थमंत्री झाले. त्यांचे पूर्ण नाव फार लांबलचक आहे. कोणीतरी गमतीने विकिपीडियावर त्यात 'विल्हेल्म' हे एक जास्तीचे नाव घातले. वर्तमानपत्रांनी ते तसेच उचलून छापले. पुढे विकिपीडियावर शंका निघाली तेव्हा त्याच वर्तमानपत्रांचा पुरावा दाखवला गेला! म्हणजे उधारीची नोंद आपणच केली आणि साक्षीदारही आपलाच उभा केला. म्हणून संदर्भ किती आहेत एवढेच मोजू नका. ते एकमेकांवरून उतरवलेले नाहीत ना, हे पाहा. आमच्या 'कै.' या चुकीतही आम्हाला दोन ठिकाणी तीच माहिती सापडली होती, आणि त्यामुळेच आम्ही निर्धास्त झालो होतो. दुसरे ठिकाण पहिल्याचीच नक्कल होते.

एक हिशेब : लताबाईंची गाणी

आता वहीत करून पाहण्यासारखे उदाहरण घेऊ. लता मंगेशकर यांची गाणी किती? १९७४च्या गिनीज विक्रम पुस्तकात नोंद होती की, १९४८ ते १९७४ या काळात त्यांनी किमान २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केली. मोहम्मद रफी यांनी या नोंदीला हरकत घेतली. १९९१ मध्ये ती नोंद पुस्तकातून काढण्यात आली. परंतु आकडा मात्र लेखांत, भाषणांत, स्मरणिकांत वर्षानुवर्षे फिरत राहिला. कधी तो ३०,००० झाला, कधी त्याहून जास्त.

आता पेन्सिल घ्या. २६ वर्षांचे दिवस सुमारे ९,५००. २५,००० भागिले ९,५०० म्हणजे रोज अडीचहून अधिक गाणी. रविवार नाही, दिवाळी नाही, आजारपण नाही. त्या काळी वर्षाला साधारण शे-सव्वाशे हिंदी चित्रपट निघत. प्रत्येकात सात-आठ गाणी धरली तर सर्व गायक-गायिकांची मिळून वर्षाची गाणी आठशे ते हजार होतात. म्हणजे पुरुषांची एकल गाणी आणि इतर गायिकांची गाणीसुद्धा लताबाईंच्याच नावावर टाकावी लागतील! मराठी व इतर भाषांतील गाणी मिळवली तरी हिशेब जुळणे कठीण आहे.

मग खरे कसे कळले? काही चिकाटीच्या माणसांनी एकेक चित्रपट, एकेक तबकडी पाहून याद्या केल्या. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड तयार केले. आपल्या सुरतचे हरीश रघुवंशी यांनी १९८५ मध्ये 'मुकेश गीत कोश' आणि पुढे 'गुजराती फिल्म गीत कोश' केला. अशा मोजणीतून लताबाईंच्या हिंदी चित्रपटगीतांची संख्या पाच हजारांच्या आसपास येते. २०११ मध्ये गिनीजने आशा भोसले यांच्या नावे ११,००० पर्यंत गाण्यांची नोंद केली आणि २०१६ मध्ये पी. सुशीला यांच्या नावे १७,६९५ गाण्यांची.

पाच हजार म्हटल्याने लताबाई लहान झाल्या का? मुळीच नाही. वाढवलेला आकडा हा त्यांचा मोठेपणा नव्हताच. उलट खोट्या आकड्यामुळे दोन मोठ्या कलावंतांच्या चाहत्यांत विनाकारण भांडणे झाली. लताबाईंचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले. पण हा आकडा त्यांच्या हयातीतच, त्यांच्या डोळ्यांदेखत फिरत होता. स्तुतीच्या वाक्यालाही चलन लागते, ते यासाठी.

समतोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे

समतोल म्हटला की मुले तराजू काढतात. चार गुण लिहिले, आता चार दोष लिहू. तसे नाही. ज्या गोष्टीला त्या माणसाच्या आयुष्यात आणि प्रसिद्ध लिखाणात जितकी जागा आहे, तितकी तिला लेखात द्यायची.

सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण घ्या. १९८९ ते २०१३ अशी कारकीर्द, २०० कसोटी सामने, शंभर आंतरराष्ट्रीय शतके, २०१४ मध्ये भारतरत्न. लेखाचा मोठा भाग क्रिकेटचाच असणार. २०१२ ते २०१८ ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते आणि कमी उपस्थितीबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ही टीका प्रतिष्ठित वर्तमानपत्रांत आली, म्हणून ती लेखात आलीच पाहिजे. आपल्याला ते आवडतात म्हणून ती गाळता येणार नाही. त्याच कालखंडात त्यांनी आंध्र प्रदेशातील पुट्टमराजू कंड्रिगा हे गाव आदर्श ग्राम योजनेत दत्तक घेतले आणि मुदत संपताना आपले वेतन व भत्ते पंतप्रधान साहाय्यता निधीस दिले. तेही आले पाहिजे. पण या सगळ्याला एखादा परिच्छेद पुरे. टीकेचाच अर्धा लेख केला तर प्रत्येक वाक्य खरे असूनही लेख खोटा होतो. आणि "क्रिकेटचा देव" असे लेखकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचे नाही. "त्यांचे चाहते त्यांना क्रिकेटचा देव म्हणतात" असे लिहावे, म्हणजे मत कोणाचे हे कळते.

शब्द निवडताना तर फार जपावे लागते. 'अटक झाली' म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' यांच्यामध्ये न्यायालय उभे असते. 'कबूल केले' या शब्दात काहीतरी लपवले होते असा वास येतो, 'सांगितले' हा साधा शब्द आहे. 'राजीनामा दिला' आणि 'राजीनामा द्यावा लागला' यांत एका जिवाचे अंतर आहे. आमच्या पत्रिकेतील 'मतभेद झाल्यामुळे' हे दोन शब्द आठवा. भाटगिरी आणि चिखलफेक दोन्ही टाळायच्या, आणि त्या बहुधा विशेषणांतूनच घुसतात. क्रियापद आणि तारीख ठेवा, विशेषण गाळा. लेख आपोआप सरळ होतो.

कायद्याचीही थोडी ओळख असू द्या. १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक नोंदींवर आधारित लिहिता येते, पण एखाद्याच्या खासगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिणे योग्य नाही. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय आला. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. मात्र केवळ शिक्षेच्या भीतीने नीट लिहिणारा फार काळ नीट लिहीत नाही. समोर माणूस आहे, ही आठवण जास्त उपयोगी पडते.

ज्यांच्याबद्दल कोणी लिहिलेच नाही

येथे एक अवघड प्रश्न उरतो आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. पुरावा नाही म्हणून लेख नाही, हा नियम कधी कधी अन्याय करतो. मे २०१८ मध्ये कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले! काम होते, पण त्या कामाविषयी इतरांनी पुरेसे लिहिले नव्हते.

आपल्या वस्त्यांतही असे लोक आहेत. दिवसभर खात्यात उभे राहून रात्री मुलांना शिकवणारे, भजनी मंडळ चाळीस वर्षे चालवणारे, घरोघर फिरून मुलींना शाळेत आणणाऱ्या बाया. त्यांच्याबद्दल पुस्तक नाही, बातमी नाही. म्हणून विकिपीडियावर त्यांचा लेख होणार नाही. याचा अर्थ त्यांचे काम कमी असा नाही. ज्ञानकोश ही शेवटची पायरी आहे, पहिली पायरी आपण बांधायची आहे. मुलाखत घ्या, तारखा विचारा, जुनी कागदपत्रे पाहा, दुसऱ्या दोघांना विचारून खात्री करा, त्यांची परवानगी घ्या आणि मग नीट छापा. आज काळजीने छापलेला मजकूर उद्याच्या लेखकाचा स्रोत होतो.

या संदर्भात विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे. आपल्या पत्रिकेचे जुने अंक क्रमाने बांधून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो, राग नसावा. आपल्याच पत्रिकेत आपल्याच पदाधिकाऱ्यांविषयी छापलेली स्तुती हा ज्ञानकोशासाठी पुरावा ठरत नाही. अमुक दिवशी अमुक वर्गखोलीचे उद्घाटन झाले, एवढ्यासाठी ती चालेल. 'थोर दानशूर' यासाठी चालणार नाही. तसेच आपल्या संस्थेविषयी किंवा नातेवाइकांविषयी विकिपीडियावर स्वतः लेख लिहिणे टाळावे. चूक दिसली तर चर्चापानावर पुराव्यासह कळवावे, दुसरे कोणी ती तपासून दुरुस्त करील.

स्वाध्याय

१. मराठी विकिपीडियावरील एका हयात खेळाडूचा, लेखकाचा किंवा शास्त्रज्ञाचा लेख निवडा. त्यातील पहिली दहा वाक्ये वहीत उतरवा. प्रत्येकापुढे संदर्भ आहे की नाही ते लिहा. संदर्भ असेल तर तो उघडून, वाक्यात आहे तेच तेथे आहे का ते पाहा.

२. त्याच लेखातील सर्व विशेषणांना लाल रंगाने अधोरेखित करा. ती काढून लेख पुन्हा वाचा. काय हरवले आणि काय सुधारले, पाच ओळींत लिहा.

३. लेखाचा 'इतिहास' उघडा. मागील वर्षभरात कोणती माहिती घातली आणि पुन्हा काढली गेली, अशी एक नोंद शोधा.

४. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे दीडशे शब्दांत चरित्र लिहा. प्रत्येक तारखेपुढे ती कशावरून घेतली ते लिहा : दाखला, शिधापत्रिका, जुने पत्र की तोंडी माहिती. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा.

पालकांनी चौथ्या स्वाध्यायात जरूर मदत करावी. मुलांना गावाकडचे नाव, सुरतेत आल्याचे वर्ष आणि पहिली खोली कोणत्या वसाहतीत होती ते सांगावे. हे सांगणारी पिढी आपल्यात आहे तोवरच ते लिहून घेतले पाहिजे.

जाता जाता सरांविषयी. पुढच्या वर्षी नववीच्या दुसऱ्या तुकडीने त्यांचे चरित्र नव्याने लिहिले आणि घरी जाऊन त्यांना वाचून दाखवले. सरांनी चष्मा लावला, लाल पेन मागितले आणि दोन ठिकाणी खुणा केल्या. एका ठिकाणी निवृत्तीचे वर्ष चुकले होते. दुसरे वाक्य होते, "त्यांच्यासारखा शिक्षक पुन्हा होणे नाही." समासात त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिले : "यास आधार काय?"

ते वाक्य आम्ही काढले. नावामागे 'श्री.' आहे ना, हे मात्र छापण्यापूर्वी तीनदा पाहिले.